बी४ : दुसऱ्याच्या पॅचवर आपला पॅच रचणाऱ्यांसाठी

लिनक्स कर्नलला कधीतरी एखादा सुटा पॅच, म्हणजे कोडमधला एखादा बदल, ईमेलने पाठवायचा असेल तर बी४ हे टूल नसलं तरी चालतं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधलं फॉरमॅट-पॅच आणि सेंड-ईमेल पुरतं. पण तुमचा ड्रायव्हर दुसऱ्या कुणाच्या, अजून मर्ज न झालेल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये न मिसळलेल्या, पॅचवर उभा असेल आणि तो दुसरा माणूस दर पंधरवड्याला नवी आवृत्ती काढत असेल, तर हे टूल आजच बसवा. मी पुण्यात एका छोट्या एम्बेडेड कंपनीत बोर्ड ब्रिंग-अपचं, म्हणजे नवं सर्किट बोर्ड पहिल्यांदा चालतं करण्याचं, काम करते. कोड लिहिण्यापेक्षा माझा जास्त वेळ हा कोड कुणाच्या कोडनंतर लागायला हवा, हे लोकांना समजावण्यात जातो. हा रिव्ह्यू त्याच दृष्टीने लिहिलाय. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

बी४ हे पायथॉनमधलं कमांड लाइन टूल आहे, फुकट आणि मुक्त परवान्याचं. लिनक्स फाउंडेशनचे कॉन्स्टँटिन रियाबित्सेव्ह ते सांभाळतात. सुरुवातीला ते मेंटेनर, म्हणजे पॅच तपासून आत घेणाऱ्या, मंडळींच्या सोयीचं होतं : कर्नलच्या ईमेल आर्काइव्हमधून पॅचची अख्खी सिरीज ओढून आणायची, लोकांनी उत्तरांत दिलेले संमतीचे शेरे, म्हणजे 'रिव्ह्यूड-बाय' आणि 'अ‍ॅक्ड-बाय' ज्याच्या त्याच्या पॅचला चिकटवायचे आणि गिटला भरवता येईल अशी एक फाइल तयार ठेवायची. २०२२ मध्ये ०.१० आवृत्तीत पॅच पाठवणाऱ्यांसाठी 'प्रेप' आणि 'सेंड' आलं. २०२४ मध्ये ०.१४ आली, आणि तिच्यात एक सिरीज दुसरीवर अवलंबून आहे हे नोंदवायची सोय झाली. मला मुख्यतः ह्या शेवटच्या सोयीबद्दल बोलायचंय.

आधी दुखणं काय ते सांगते. पीएमआयसी घ्या, म्हणजे बोर्डवरची पॉवर सांभाळणारी चिप. दिसायला एक, पण तिच्या पोटात व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर, जीपीआयओ (सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या पिना), आरटीसी (घड्याळ), कधी बॅटरीचा चार्जर. कर्नलमध्ये ह्या प्रत्येकाची सबसिस्टिम वेगळी, मेंटेनर वेगळा, गिट ट्री (कोडची स्वतःची प्रत) वेगळी. रेग्युलेटर मार्क ब्राउन बघतात, आरटीसी अलेक्झांद्र बेलोनी, पॉवर सप्लाय सेबास्टियन रायकेल, आणि ह्या सगळ्यांना एकत्र बांधणारा एमएफडीचा (मल्टी-फंक्शन डिव्हाइस) गाभा ली जोन्स यांच्याकडे. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन; ते कसं लिहायचं ह्या नियमांचा, म्हणजे बाइंडिंगचा, पॅच वेगळा काढावा लागतो, तो सिरीजमध्ये ड्रायव्हरच्या आधी यावा लागतो, आणि रॉब हेरिंग, क्रिस्तोफ कोझलोव्स्की किंवा कॉनर डूली यांच्यापैकी कुणीतरी त्यावर मान डोलवावी लागते. राहिली बोर्डची डीटीएस फाइल, म्हणजे त्या बोर्डचं प्रत्यक्ष वर्णन. ती एसओसीच्या (बोर्डवरच्या मुख्य चिपच्या) ट्रीमधून जाते. एवढ्याशा चिपसाठी इतकी दारं वाजवायची.

त्यात वेळापत्रक कडक. कर्नलची एक आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवा कोड आत घेण्याची मुदत. तुमचा गाभ्याचा पॅच एका फेरीत गेला आणि त्यावर टेकलेला ड्रायव्हर राहिला, तर ड्रायव्हरला दोन महिन्यांहून जास्त थांबायचं. कस्टमरला हे पटवून बघा एकदा.

आता ह्यातला खरा गुंता. सगळ्या डिपेंडन्सी सारख्या नसतात. आरटीसीचा ड्रायव्हर केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे कुठले भाग बिल्ड करायचे ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) 'एमएफडीचा अमुक पर्याय चालू असेल तरच' असं म्हणत असेल आणि तो पर्याय आरटीसीच्या ट्रीमध्ये अजून आलेलाच नसेल, तर काही बिघडत नाही. अनोळखी नावाला केकॉन्फिग सरळ 'नाही' समजतं. ड्रायव्हर बिल्ड होत नाही, निमूट पडून राहतो, आणि लायनस टोरव्हाल्ड्स यांच्या ट्रीमध्ये दोन्ही बाजू येऊन मिळाल्या की चालू होतो. असे पॅच कुठल्याही क्रमाने गेले तरी चालतं. पण त्याच ओळीत कुणी हौसेने 'किंवा कंपाइल-टेस्ट' जोडलं की तो ड्रायव्हर एकटाच बिल्ड व्हायला लागतो, एमएफडीची हेडर फाइल शोधतो, ती त्या ट्रीमध्ये नसते, आणि इंटेलचा कर्नल टेस्ट रोबो तुम्हाला आणि मेंटेनरला एररचं ईमेल पाठवून मोकळा होतो. दोन शब्दांनी सैल डिपेंडन्सी घट्ट झाली. रिव्ह्यू करणाऱ्याला हा फरक कव्हर लेटरमधून, म्हणजे सिरीजच्या प्रस्तावनेच्या ईमेलमधून, कळायला हवा, आणि बहुतेक कव्हर लेटरांतून तो कळत नाही.

बी४च्या आधी नोंद कशी ठेवायचे? साध्या वाक्याने. 'ही सिरीज अमुक यांच्या तमुक सिरीजवर अवलंबून आहे', आणि खाली आर्काइव्हची लिंक. माणसाला हे पुरतं, रोबोला पुरत नाही. रोबो पॅच चुकीच्या जागी लावतो, तो लागत नाही, आणि ज्या टेस्टसाठी आपण ताटकळत असतो ती होतच नाही.

मग २०१६ मध्ये गिट २.९ मध्ये फॉरमॅट-पॅचला '--बेस' हा पर्याय आला. ह्याने पॅचच्या शेवटी दोन प्रकारच्या ओळी येतात : कुठल्या कमिटवर (गिटमध्ये नोंदलेल्या बदलावर) उभे आहात ती 'बेस-कमिट', आणि त्या कमिटच्या नि तुमच्या सिरीजच्या मध्ये जे पॅच आहेत त्यांचे 'प्रीरिक्विझिट-पॅच-आयडी'. पॅच-आयडी म्हणजे पॅचमधल्या बदलाचा हॅश, त्या मजकुरावरून काढलेली आकडी ओळख. त्यात लाइन नंबर आणि मोकळ्या जागा धरत नाहीत. कल्पना चांगली, पण आंधळी. तुमच्या ब्रँचमध्ये बेस आणि सिरीज यांच्यामध्ये जे काही पडलंय ते सगळं त्यात येतं : डीबगचा एक प्रिंट, ऑफिसच्या बोर्डसाठीची एक कॉन्फिग, महिन्यापूर्वीचा कुणाचा तरी प्रयोग. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'खाली ओळीने छापलेल्या नावांसारखी ही यादी लांबत जाते, आणि कार्य नेमकं कोणाच्या घरचं आहे तेच कळत नाही. वर त्यातले निम्मे पॅच कधी कुणाला पाठवलेलेच नसतात, मग ते हॅश जगात दुसऱ्या कुणाकडे सापडणार कसे?

बी४ इथे वेगळं काय करतं? 'बी४ प्रेप --एडिट-डेप्स' म्हटलं की एडिटर उघडतो, आणि तुमची सिरीज कशावर उभी आहे ते तुम्ही स्वतः लिहायचं. समोरच्यानेही बी४ वापरलं असेल तर त्याच्या सिरीजला एक चेंज-आयडी असतो. तारीख, नाव आणि शेवटी काही वेडीवाकडी अक्षरं असं त्याचं रूप, आणि सिरीजच्या सगळ्या आवृत्त्यांत तो तोच राहतो. तो लिहायचा आणि पुढे कोलन देऊन आवृत्ती. त्याने बी४ वापरलं नसेल तर ईमेलचा मेसेज-आयडी द्यायचा. तेही जमत नसेल तर सुटा पॅच-आयडी. कोण कोणावर टेकलंय हे माणूस ठरवतो, हॅशची हमाली टूल करतं. माझ्या मते कामाची वाटणी अशीच हवी.

त्याच्या जोडीचं 'प्रेप --चेक-डेप्स' मला जास्त आवडलं. तुम्ही लिहिलेली डिपेंडन्सी आर्काइव्हमध्ये खरंच आहे का, ती बेसवर लागते का, आणि तिची नवी आवृत्ती आलीय का, हे ते बघतं. तुम्ही आवृत्ती ३ वर रचत बसलात आणि तिकडे आवृत्ती ५ येऊन गेली, हे रिव्ह्यू करणाऱ्याच्या टोमण्यातून कळण्यापेक्षा टर्मिनलवर कळलेलं बरं. डिपेंडन्सी तपासल्याशिवाय 'बी४ सेंड' मारलं तर तेच आठवण करून देतं. चेकपॅच (पॅचमधल्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट) चालवलं नाही, टू-सीसी भरलं नाही, कव्हर लेटरमध्ये अजून नमुन्याचाच मजकूर आहे, अशा आठवणीही त्यातच. पहिल्यांदा ही कटकट वाटते. शुक्रवारी संध्याकाळी घरी निघण्याच्या घाईत पॅच पाठवणाऱ्याला मात्र ती कटकट हवीच.

घेणाऱ्या बाजूचा अनुभवही सांगते, कारण दुसऱ्यांचे पॅच आमच्या बोर्डवर टेस्ट करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. 'बी४ शझॅम' आणि मेसेज-आयडी एवढं दिलं की सिरीज थेट चालू ब्रँचवर लागते. डिपेंडन्सी नोंदवलेली असेल तर बी४ ती आधी शोधतं, कुठला प्रीरिक्विझिट पॅच लावतोय ते ओळीने दाखवतं, आणि मग मूळ सिरीज लावतं. पूर्वी हे काम म्हणजे ब्राउझरमध्ये टॅबमागून टॅब, एकेक फाइल उतरवा, क्रम लावा, तिसरा पॅच लागत नाही म्हणून परत पहिल्यापासून. आता चहा गाळून होईपर्यंत बिल्ड सुरू झालेला असतो. पण पाठवणाऱ्याने '--बेस' वापरून अख्ख्या ब्रँचची यादी जोडली असेल तर बी४ त्या प्रत्येक हॅशच्या मागे धावतं. वेळ जातो, आणि कधी भलताच जुना पॅच आणून लावतं. दोष पाठवणाऱ्याचा, ताप आपल्याला.

पॅच-आयडीची आणखी एक खोड. मेंटेनर पॅच घेताना त्यात किरकोळ सुधारणा करतात, एखादं नाव बदलतात, एखादी कॉमेंट नीट करतात. तेवढ्याने हॅश बदलतो. पॅच ट्रीमध्ये पोचलेला असतो आणि तुमच्या ईमेलमधला प्रीरिक्विझिट मात्र अजून त्या जुन्या हॅशला शोधत असतो. म्हणून सोय असेल तिथे चेंज-आयडीच लिहा.

आता कापलेल्या ताऱ्याकडे. बी४ला एकच नातं कळतं : 'हे त्याच्यानंतर लागतं'. त्यानंतर म्हणजे कसं? कंपाइल होण्यासाठी त्यानंतर, की बोर्ड बूट होण्यासाठी, की फक्त मी ज्यावर टेस्ट केलं त्यावर म्हणून? एकाच ट्रीमधून जायला हवं, की वेगवेगळ्या ट्रीमधून गेलं तरी चालेल? वर सांगितलेला केकॉन्फिगचा सगळा खेळ ह्या प्रश्नांमध्ये आहे, आणि डिपेंडन्सीच्या त्या फाइलमध्ये ते लिहायला जागाच नाही. मेंटेनर तिकडून नुसती प्रीरिक्विझिटची ओळ बघतो आणि सावध होऊन म्हणतो, 'ते आधी मर्ज होऊ दे, मग पाठव.' खरं तर आरटीसीचा पॅच त्याने त्याच दिवशी घेतला असता तरी काही मोडलं नसतं. म्हणून मी आता कव्हर लेटरमध्ये हाताने लिहिते : बाइंडिंग आणि ड्रायव्हर तुमच्या ट्रीमधून गेले तरी हरकत नाही, बिल्डची डिपेंडन्सी नाही, प्रीरिक्विझिट फक्त टेस्टसाठी दिलाय. दोन वाक्यं, पण उत्तर लवकर येतं.

दुसरी उणीव इम्युटेबल ब्रँचची. घट्ट डिपेंडन्सी असेल तर कर्नलमधला रुळलेला मार्ग असा : एक मेंटेनर, आमच्या बाबतीत बहुधा एमएफडीचा, आरसी१ वर (मर्ज विंडोनंतरच्या पहिल्या चाचणी आवृत्तीवर) एक छोटी ब्रँच काढतो, सामायिक पॅच तिच्यावर ठेवतो, सही केलेला टॅग लावतो आणि बाकीच्यांना सांगतो की ओढून घ्या. ती ब्रँच पुन्हा रिबेस करायची नाही, म्हणजे तिचे कमिट बदलायचे नाहीत, हाच करार. सगळ्यांच्या ट्रीमध्ये तेच कमिट त्याच हॅशने जातात, त्यामुळे मर्ज विंडोत लायनसपर्यंत ते दोनदा पोचले तरी गिटला ते एकच दिसतात. सुंदर पद्धत आहे, आणि ती चालवायला कुठलंही खास टूल लागत नाही, फक्त शिस्त लागते. पण माझी पुढची सिरीज अशा ब्रँचवर उभी असली की बी४ 'बेस-कमिट'चा हॅश तेवढा देतं. ती ब्रँच कुणाच्या रिपॉझिटरीत आहे हे सांगायची सोय नाही. ज्याच्याकडे ते कमिट नाही त्याला तो हॅश काय कामाचा? पत्ता परत कव्हर लेटरमध्ये हातानेच.

लिनक्स-नेक्स्टला बेस धरणाऱ्यांचंही असंच होतं. २००८ पासून शेकडो ट्री रोज एकत्र करून ती बांधली जाते, रोज नव्याने. तिच्यावर टेस्ट जरूर करा, पण बेस म्हणून कालची नेक्स्ट सांगितलीत तर मेंटेनर वैतागतो, कारण त्याच्या ट्रीमध्ये ते कमिट कधीच येणार नसतं.

आणि काही डिपेंडन्सी अशा, की त्या नोंदवण्यापेक्षा तोडलेल्या बऱ्या. एसओसीच्या क्लॉकला नवे आयडी दिले की ते बाइंडिंगच्या हेडरमध्ये जातात, हेडर क्लॉकच्या ट्रीमधून जातं, आणि ते आयडी वापरणारी डीटीएस मात्र एसओसीच्या ट्रीमधून. दोन्ही एकाच फेरीत पाठवल्या तर डीटीएसला हेडर सापडत नाही. अनुभवी मंडळी काय करतात? पहिल्या फेरीत डीटीएसमध्ये सरळ आकडे लिहितात, आणि पुढच्या आवृत्तीत, हेडर सगळीकडे पोचल्यावर, एका साफसफाईच्या पॅचने आकड्यांच्या जागी नावं घालतात. दिसायला ओबडधोबड, पण कुणाचीही वाट बघावी लागत नाही. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या 'रिमूव्ह' ह्या फंक्शनचंही तसंच झालं. त्याने काहीच परत करू नये असं ठरल्यावर शेकडो ड्रायव्हर एका रात्रीत बदलणं शक्य नव्हतं. मग 'रिमूव्ह-न्यू' नावाचा तात्पुरता दुसरा दरवाजा ठेवला, ज्याने त्याने आपापल्या ट्रीमध्ये, आपापल्या वेगाने ड्रायव्हर हलवले, आणि सगळे हलल्यावर जुनं नाव नव्या रूपात परत आणून तात्पुरता दरवाजा बंद केला. उवे क्लाइने-कोनिग यांनी हे वर्षानुवर्षं चिकाटीने रेटलं. बी४ची कितीही आवृत्ती येवो, अशी आखणी ते तुमच्यासाठी करणार नाही. ते त्याचं कामही नाही, त्यामुळे ह्यासाठी तारा कापलेला नाही.

बाकीच्या सोयी पटापट. कव्हर लेटर ब्रँचमध्येच एका रिकाम्या कमिटमध्ये राहतं, त्यामुळे लॅपटॉप बदलला तरी हरवत नाही. कुणाला ते रिकामं कमिट खुपत असेल तर ब्रँचच्या वर्णनात ठेवायचाही पर्याय आहे. 'सेंड' झालं की पाठवलेल्या आवृत्तीचा टॅग आपोआप पडतो आणि आवृत्तीचा आकडा पुढे सरकतो. 'प्रेप --कंपेअर-टू' मागच्या आवृत्तीशी फरक दाखवतं, आणि 'काय बदललं' ह्या यादीत काही राहून गेलं असेल तर ते तिथे उघडं पडतं. 'ट्रेलर्स -यू' लोकांनी दिलेले रिव्ह्यूड-बाय गोळा करून कमिटमध्ये घालतं. 'सेंड --रिफ्लेक्ट' आधी फक्त स्वतःलाच ईमेल पाठवतं. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हेच करायला लावते.

पुण्यातल्या माझ्यासारख्या नोकरदारांना सगळ्यात उपयोगी पडेल ते वेगळंच. आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर प्रत्येक ईमेलखाली 'हा मजकूर गोपनीय आहे'चा परिच्छेद जोडतो आणि टॅबच्या जागी स्पेस घालतो. असा पॅच कुठेच लागत नाही, आणि गोपनीय म्हटलेला कोड कर्नलमध्ये घेणार कोण? आयटीवाल्यांशी वाद घालण्याऐवजी बी४चा वेब एंडपॉइंट वापरायचा. आपली सहीची डिजिटल किल्ली (की) एकदा नोंदवायची, आणि मग पॅच एसएमटीपीशिवाय, म्हणजे मेल सर्व्हर न वापरता, कर्नल डॉट ऑर्गच्या मार्गाने जातात. नावापुढे 'व्हाया बी४ रिले' असं दिसतं, पण कमिटचा लेखक म्हणून तुमचंच नाव राहतं.

पर्याय काय आहेत? क्विल्ट अजून जिवंत आहे. पॅचची चळत सांभाळण्याचा तो जुना आणि भक्कम मार्ग, पण ईमेलच्या पुढच्या प्रवासाशी त्याला देणंघेणं नाही. स्टॅक्ड-गिट आवडणारे लोक आहेत. यू-बूट ह्या बूटलोडरवाले पॅटमॅन वापरतात, आणि यू-बूटपुरतं ते छानच आहे. नुसत्या गिटमध्ये राहायचं असेल तर एकावर एक ब्रँच ठेवून 'रिबेस --अपडेट-रेफ्स' करा. २०२२ च्या २.३८ पासून ते आहे, आणि मी बी४च्या जोडीने ते वापरतेच. नेटवर्किंगवाल्यांच्या डीपीडीके प्रकल्पात तर डिपेंडन्सीसाठी एकच ओळ लिहायची : 'डिपेंड्स-ऑन', पुढे पॅचवर्कमधला (ईमेलने आलेल्या पॅचची नोंद ठेवणाऱ्या वेब टूलमधला) सिरीजचा नंबर आणि नाव. वाचायला सोपी, रोबोलाही कळते. कर्नलमध्ये पॅचवर्क सगळे मेंटेनर वापरत नाहीत, म्हणून ती युक्ती इथे जशीच्या तशी चालत नाही. पण त्या ओळीचा साधेपणा बघून थोडा हेवा वाटतो खरा.

स्टेबल कर्नलसाठी, म्हणजे आधीच निघालेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांसाठी, मात्र बी४च्या डिपेंडन्सीवर विसंबू नका. प्रीरिक्विझिटच्या ओळी ईमेलमध्ये असतात, गिटच्या इतिहासात जात नाहीत. दुरुस्ती जुन्या कर्नलमध्ये जायची असेल आणि तिच्या आधी दुसरं एखादं कमिट लागणार असेल, तर ते 'सीसी: स्टेबल'च्या ओळीत, '#' ह्या खुणेपुढे, कमिटच्या हॅशसकट लिहावं लागतं. नाही लिहिलं तर बॅकपोर्ट फसतो आणि तुम्हालाच 'लागत नाही' असं ईमेल येतं.

बसवायला सोपं : पिप किंवा पिपएक्सने एक कमांड. डिस्ट्रोच्या भांडारातलं पॅकेज घेणार असाल तर आधी आवृत्ती बघा. ०.१४ च्या आधीची असेल तर 'एडिट-डेप्स' त्यात नाही, आणि वर केलेलं बरंचसं कौतुक तुम्हाला लागू होणार नाही. नेट मात्र बरं हवं, कारण दर पावलाला ते आर्काइव्हकडे धाव घेतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लांब सिरीज ओढायला लावलीत तर कंटाळा येईल.